अकरा भेटी

मी चहा घेऊन आत गेलो आणि उल्काने फोन पालथा घातला. एवढंच झालं. घाईने घातला असता तर मी कदाचित विसरूनही गेलो असतो, कारण घाईत माणूस काहीही करतो. पण तिने तो सावकाश, दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसा पलंगपोसावर उलटा ठेवला, वर चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “आलं घातलंत का?” मी हो म्हणालो. आलं घातलेलं नव्हतं. तिने एक घोट घेतला आणि काही बोलली नाही, म्हणजे तिला कळलं होतं आणि तिने ते सोडून दिलं होतं. आमच्या घरात गोष्टी अशाच सुटत गेल्या आहेत. मी कप हातात धरून खिडकीपाशी उभा राहिलो आणि समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या मोजू लागलो, आणि मनात एकच चाललं होतं, की आपण जे पाहिलं ते खरंच पाहिलं का. मला माझ्या डोळ्यांचा कधीच भरवसा वाटलेला नाही. दिल्लीच्या मेट्रोत पाटी वाचूनही शेजारच्याला स्टेशन विचारतो. पुस्तक वाचताना एखादं वाक्य फार आवडलं, तर आपल्याला ते चुकीचं कळलं असेल असं वाटून मागच्या पानापासून पुन्हा वाचतो. मग एका पालथ्या फोनवरून मी काय ठरवणार? बायकोचं वय अडुसष्ट, माझं त्र्याहत्तर. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. फोन पालथा पडला, एवढंच.

त्याच आठवड्यात आमचा जुना राउटर मधूनमधून लाल दिवा दाखवू लागला. एरवी मी दोन महिने तो बंद करून चालू करण्यात काढले असते. पण केतकीचा, आमच्या मुलीचा, गुरुग्रामहून फोन आला तेव्हा मीच विषय काढला. ती कंपन्यांच्या संगणक-सुरक्षेचंच काम करते, दिवसभर बोलून थकलेली असते आणि माझ्याशी बोलताना वाक्यं अर्धी टाकते.

“बाबा, तो डब्बा किती जुना आहे?”

“तू नोकरीला लागलीस तेव्हाचा.”

“ओ गॉड. त्याला आता अपडेट पण येत नसतील. कोणी पण आत घुसेल यार. तुझं पेन्शन, आईची बँक, सगळं त्याच्यावरूनच जातं ना? चलो, नवीन घे. बघ, तीन गोष्टी बघायच्या. डब्ल्यूपीए-थ्री, म्हणजे नव्या टाइपचं लॉक पाहिजे, अपडेट आपोआप झालं पाहिजे, आणि पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असलं तर बेस्ट. गणपतीत तू पासवर्ड आरतीच्या तबकाशेजारी लिहून ठेवतोस, ते आता बंद.”

“लोक मागतात गं. मुलं येतात सगळ्यांची.”

“म्हणूनच तर वेगळं नेटवर्क. बाकीची फालतू फीचर्स घेऊ नकोस, दुकानदार गळ्यात मारतात. आणि माथुर अंकलसारखं काही झालं तर पहिल्यांदा मला फोन कर. बिल्कुल घाबरायचं नाही.”

माथुर साहेब आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर राहतात. केंद्र सरकारातून निवृत्त, आमच्या सोसायटीतले बहुतेक तसेच आहेत. दिवाळीच्या आधी त्यांना पोलीस असल्याचं सांगणाऱ्या कोणीतरी दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं. तुम्हाला अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. न्हाणीघरात जायलाही ते परवानगी मागत. केतकीच्या फोननंतर झालेल्या सोसायटीच्या बैठकीत सगळे अजूनही त्यांनी काय गमावलं ते विचारत होते, मी मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलो. ते दोन दिवस त्यांची बायको शेजारच्या खोलीत होती. ती त्यांना जेवणाचं ताट नेऊन देत होती. ते दार किलकिलं करून ताट घेत आणि ‘ऑफिस का काम है’ म्हणत. निवृत्त माणसाला ऑफिसचं काम कसलं, हे तिने विचारलं नाही. विचारत नाहीत. इतक्या वर्षांनी माणूस ताट देतो आणि रिकामं ताट घेऊन जातो. घरी येताना लिफ्टमध्ये उल्का माझ्या शेजारी उभी होती, पिशवीतून मेथीच्या काड्या डोकावत होत्या, आणि मला वाटलं, आत्ता हिच्या फोनवर कोणी असेल तर मला कळेल का? नाही कळणार. मी भित्रा माणूस आहे, पण ही भीती मला जवळजवळ आवडली. तिच्यात माझी दुसरी, पालथ्या फोनची शंका ठेवायला जागा होती.

मार्केटमधल्या अनुरागच्या दुकानात मी आधी पंधरा मिनिटं बाहेर उभा राहून काचेतून खोकी पाहिली. दुकानात शिरलं की विकत घ्यावं लागतं असं मला अजून वाटतं. अनुराग चांगला आहे, माझे प्रिंटरचे कागद तोच देतो. त्याने तीन खोकी काउंटरवर मांडली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच एक पुढे सरकवलं.

“अंकल, ये वाला लो. इसमें सब पता चलता है.”

“सब मतलब?”

“मतलब कौन से फोन पे कौन सी साइट खुली, कितने बजे. गंदी साइट हो, बंद कर दो. हफ्ते की रिपोर्ट अलग आती है. लोग बच्चों के लिए लेते हैं. घर में बच्चे हैं?”

“हाँ,” मी म्हणालो.

“कितने बड़े?”

मी खिशातून कागद काढून तिन्ही खोक्यांवरची माहिती उतरवू लागलो. अनुराग हसला. “अंकल, टेंडर निकाल रहे हो क्या?” दुकानातलं दुसरं गिऱ्हाईकही हसलं. माझे कान तापले, पण लिहिणं थांबलं नाही. छत्तीस वर्षांची सवय आहे. घरी येऊन मी कागदाला डावीकडे समासाची घडी घातली आणि तुलनात्मक तक्ता केला. नावं लिहिली नाहीत, क, ख आणि ग. क मध्ये नव्या पद्धतीचं कुलूप आणि बाहेरून येणाऱ्याला अडवणारी भिंत. ख मध्ये ते सगळं, शिवाय अपडेट आपोआप, पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क, आणि अनोळखी यंत्र जोडलं गेलं की सूचना. ग मध्ये हे सगळं, शिवाय घरातल्या प्रत्येक यंत्राची नोंद, साइट बंद करण्याची सोय, साप्ताहिक अहवाल. केतकीने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी ख मध्ये होत्या. तक्ता सरळ सरळ ख कडे बोट दाखवत होता. मी बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि घालत बसलो. क आणि ख बाहेरच्या माणसाविरुद्ध होते. ग आतल्या माणसाविरुद्ध होता. इतकं मला समजत होतं, माझ्यासारख्यालाही. आणि तरी शेवटच्या रकान्यात, जिथे शेरा लिहायचा, तिथे मी लिहिलं: ‘सोसायटीतील अलीकडील घटना पाहता ग अधिक योग्य.’ ते वाक्य वाचून मला ओळखीची शरम वाटली. नोकरीत साहेबाच्या मनातलं आधी कळवलं जायचं आणि कारण आम्ही मागून लिहायचो. इथे साहेबही मीच होतो.

आवक-जावक विभागात माझी सगळी नोकरी गेली. दिवसाला पाचसहाशे पाकिटं. नियम सोपा होता: हुद्द्याच्या नावाने आलेलं उघडायचं, नोंद करून शिक्का मारायचा. माणसाच्या नावाने आलेलं न उघडता त्याच्या टेबलावर पाठवायचं. पण तेव्हा करोलबागेत खोल्या करून राहणारी आमची मराठी मुलं घरच्या पत्रांसाठी ऑफिसचाच पत्ता देत, कारण खोल्या बदलत आणि ऑफिस बदलत नसे. हरिदास त्यातलाच, अकोल्याकडचा, मोठमोठ्याने बोलणारा, माझ्यासारख्या गप्प माणसाला खांद्याला धरून खानावळीत नेणारा. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका सकाळी माझी सुरी सवयीने त्याच्या पाकिटातून फिरली. तिथवर ती चूक होती. पत्र बाहेर काढलं तेव्हाही चूक म्हणता आलं असतं. पण ‘चि. हरिदास यास’ हे वाचल्यावर मी खालच्या ओळीवर गेलो, आणि मग त्याच्याही खाली. आईचं पत्र होतं. मुलीकडच्यांनी नकार कळवला होता. त्याच्या पायावर कोडाचे डाग होते ते त्यांना कुठून तरी समजलं होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस, असं तिने दोनदा लिहिलं होतं. मी डिंकाने पाकीट चिकटवलं, इतकं नीट, की कोणाला कळलं नाही. त्या आठवड्यात खानावळीत हरिदास सगळ्यांना सांगत होता, “नकार दिला यार आपण. पोरगी इतकुशी, माझ्या खिशात मावली असती.” सगळे हसले. मीही हसलो, पण अर्ध्या क्षणाने उशिरा. त्याने माझ्याकडे पाहिलं. बस, इतकंच. त्यानंतर तो टपाल घ्यायला माझ्या टेबलावर आला नाही, शिपायाला पाठवू लागला. मी त्याला म्हणू शकलो असतो, अरे चुकून उघडलं, मला ठाऊक आहे, चल चहा पिऊ. वाक्य तयार होतं. ते मी वर्षभर मनात खोडून खोडून सुधारत राहिलो आणि तोवर त्याची बदली झाली. ही हकिगत मी उल्कालाही कधी सांगितली नाही.

ग घरी आला. चार शिंगांचा, काळा. उल्काने पुसायचं फडकं घेऊन त्याच्यासाठी जागा केली. “झुरळासारखा दिसतो हो,” ती म्हणाली. राउटरचं ॲप मी माझ्या लॅपटॉपवर घेतलं आणि नोंदणी सुरू केली. नाव माझं. मोबाईल क्रमांकापाशी मी तिचा टाकला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. गॅस, वीज, बँक, दवाखाना, पुस्तकांचं दुकान, सगळीकडे तिचाच नंबर आहे. मला अनोळखी आवाजाशी बोलता येत नाही, फोन वाजला की छातीत धडधडतं, म्हणून लग्नानंतर लँडलाइन आली तेव्हापासून घरातले सगळे फोन तीच घेते. माझा मोबाईल कपाटात असतो, त्याचा नंबर बाहेर फक्त केतकीला माहीत आहे.

“ओटीपी आला असेल बघ,” मी बाहेरून ओरडलो.

“चार, शून्य, नऊ, सात, एक, एक. आता कसला?”

“राउटरचा. सुरक्षेसाठी.”

“बरं झालं,” ती स्वयंपाकघरातून म्हणाली. “त्या माथुरीणबाईंची झोप उडालीय हो अजून.”

यादीत दोनच यंत्रं होती, मी त्यांना नावं दिली: सूर्यकांत-लॅपटॉप, उल्का-फोन. दुसऱ्या नावासमोर ‘सविस्तर नोंद’ असं एक लहानसं बटण होतं. मी ते दाबलं आणि लॅपटॉप मिटून फिरायला गेलो, आणि बागेला तीन चकरा मारताना मला मी एखादा सभ्य माणूस आहे असं वाटत राहिलं, कारण मी अजून काही पाहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. ती आंघोळीला गेली होती. पत्र असतं तर निदान अक्षर दिसलं असतं, इथे नुसती साइटची नावं आणि वेळा. काल सकाळी पावणेसातला मिरजेचं हवामान. मिरज तिचं माहेर, तिथे आता कोणी नाही, तरी ती रोज तिथला पारा बघते हे मला ठाऊक नव्हतं. मग वर्तमानपत्र. उंधियोची कृती. दुपारी तीन पंचावन्नला: शरयू निवास. मी चहाचं आधण ठेवतो ती ही वेळ. न्हाणीघरात बादलीत पाणी पडत होतं. मी ते नाव माझ्या लॅपटॉपवर उघडलं, नुसतं काय आहे ते बघायला. मिरजेपासून अर्ध्या तासावर एक बैठी इमारत, लांब पडवी, पडवीत बायका चिंचा निवडत बसलेल्या. ‘साठीपुढील स्त्रियांसाठी. एकटीची खोली, सामायिक स्वयंपाकघर. ग्रंथालय, भजन, शेतात काम करण्याची मुभा.’ खाली नियम. नियम मी नेहमी पूर्ण वाचतो. ‘जोडप्यांची सोय नाही. पुरुष पाहुण्यांस भेटण्याची वेळ दुपारी चार ते सहा.’

पाणी थांबलं. मी लॅपटॉप मिटला आणि वर्तमानपत्र उघडलं. उल्का केसांना टॉवेल बांधून बाहेर आली, देवापाशी दिवा लावला, माझ्याकडे वळून म्हणाली, “पेपर कालचा आहे तो.” मी हसलो. अर्ध्या क्षणाने उशिरा हसलो की वेळेवर, ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतरचे नऊ दिवस मी घरात पाहुण्यासारखा वागलो. न सांगता मटार सोलले, गाद्या उन्हात टाकल्या, चहात आलं घातलं. ती दिवाणखान्यात आली की मी तिच्या चालण्यात काहीतरी शोधत असे. ही बाई जायला निघालेली आहे का? निघालेली बाई फ्रीज पुसते का? रोज एकदा तरी मी तिची नोंद बघत होतो आणि मग माझ्या बाजूने ते पान उघडत होतो, जणू आज नियम बदलले असतील. मला ती पडवी पाठ झाली. तिसऱ्या खांबापाशी एक बाक आहे. चार ते सहा मी त्या बाकावर बसलेला मला दिसू लागलो, पायाशी पिशवी, पिशवीत दिल्लीहून नेलेला पेठा, आणि उल्का आतून हातांवरची शेतातली माती धुवून येते आहे आणि मला ‘बसा हं’ म्हणते आहे, जसं ती इतकी वर्षं माझ्याकडे आलेल्यांना म्हणत आली. असलं चित्र डोळ्यांपुढे आलं की मी उठून नळ घट्ट बंद करून यायचो. विचारायचं कसं? विचारलं तर ती विचारणार, तुम्हाला कसं कळलं? आणि समजा नुसतंच बघत असेल? मी नाही का परदेशातल्या ग्रंथालयांची पानं बघत, कुठे जायचं असतं? पुस्तकं वाचून मला माणसाच्या मनाचं पुष्कळ कळतं असा माझा एके काळी समज होता. एक दिवस जेवताना मी म्हणालो, “मिरजेला जाऊन यायचं का?” माझ्या मते हे विचारणंच होतं. तिने हातातली पोळी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. “या थंडीत? तुमचे गुडघे कोण उचलणार?” मी ‘तेही खरंच’ म्हणालो आणि आमटी मागितली.

आणि सातव्या दिवशी मी ते केलं. तीन पन्नासला, आधण ठेवून, मी ॲप उघडलं. शरयू निवास या नावापुढे एक लाल चौकोन होता: ही साइट अडवा. अनुराग म्हणाला होता तसं एका बोटाचं काम. मी अडवली.  थोड्या वेळाने आतल्या खोलीतून ती म्हणाली, “अहो, नेट गेलं का?”

“नाही,” मी ओट्यापाशी उभा राहून म्हणालो. “माझं चालू आहे.”

“मग माझंच काहीतरी बिनसलं.”

ती फोनवर बोट आपटत असणार, चष्मा कपाळावर सरकवून, आपलीच काही चूक झाली असं समजून. चाळीस वर्षं या शहरात वीज गेली, पाणी गेलं, रिक्षावाल्याने फसवलं की ती पहिल्यांदा माझ्याकडे बघायची आणि मी दुसरीकडे बघायचो, आणि मग ती पदर खोचून हिंदीत भांडायला उभी राहायची. आता ती स्वतःशीच पुटपुटत होती. चहा उतू गेला. मी शेगडी पुसली, लाल चौकोन काढून टाकला आणि कप घेऊन आत गेलो. “आलं बघ आता,” मी म्हणालो. मला का कोण जाणे, तिने आभार मानावेत असं वाटलं. तिने मानलेही. “तुम्ही काही केलंत वाटतं. बरं झालं.”

रविवारी बऱ्याच दिवसांनी धुकं लवकर विरलं आणि गॅलरीत ऊन आलं. आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसलो होतो. तिच्या मांडीवर मेथीची जुडी, माझ्या हातात पुस्तक, पण मी त्याच पानावर होतो. तिचा फोन कठड्यावर वाजला. ती पानं तोडता तोडता एका हाताने फोन लांब धरून वाचू लागली.

“अहो, हे काय आलंय? ‘आपल्या घराचा साप्ताहिक अहवाल.’ तुमच्या त्या झुरळाचा दिसतोय.”

मला वाटतं, मी ‘दे इकडे’ म्हणालो. तिने दिला नाही. तिला कागदपत्रं मोठ्याने वाचायची सवय आहे, माझ्यासाठी आलेली सगळी ती अशीच मोठ्याने वाचते. “उल्का-फोन. मिरज हवामान, चौदा भेटी. हे बघा, मला चौदा वेळा काय बघायचं असतं तिथलं...” मग तिचा आवाज खाली आला. “शरयू निवास, चार भेटी. अडवलं, एक वेळ.” तिने बोटाने पान वर सरकवलं. “सूर्यकांत-लॅपटॉप. शरयू निवास.” तिने चष्मा नीट केला. “अकरा भेटी.”

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते टुंग टुंग संपेना.

“अकरा?” उल्का म्हणाली. “मीसुद्धा चारदाच पाहिलं हो.”

“अगं, ते सुरक्षेसाठी...”

“कोणाच्या?”

 तिने फोन मांडीवर ठेवला, सुलटा, आणि मेथीची एक काडी उचलून तिची पानं तोडली, मग दुसरीची.  मी पुस्तक मिटून हातांखाली दाबून धरलं.

“त्या दिवशी बंद तुम्ही केलं होतं?”

“हो.”

“आणि मग चालू करून माझ्याकडून बरं झालं म्हणवून घेतलंत.”

“हो.”

“मिरजेचं काढलंत तेव्हाच मला वाटलं होतं काहीतरी. म्हटलं, हे आपणहून मिरजेला? म्हटलं, आता विचारतील. पोळी ठेवून बसले मी तुमच्याकडे बघत. तर तुम्ही आमटी मागितलीत.”

“मला कसं विचारावं ते कळत नव्हतं.”

“अकरा वेळा बघायचं कळलं. एकदा विचारायचं नाही कळलं.” ती हसली, पण ते हसू नव्हतं. “तुम्ही बघत असता हो. आयुष्यभर बघताय. मी आजारी पडले तर दारात उभं राहून बघणार. आई गेली तेव्हा मी रडत होते तर तुम्ही पुस्तक आडवं धरून पानावरून बघत होतात. माणसाला कधीतरी कोणी विचारावंसं वाटतं, काय गं, काय झालं. एवढंच. तिथे त्या बाईंना मी फोन केला तर पहिलं वाक्य काय होतं माहितीये? ‘काय म्हणताय, बऱ्या आहात ना?’ मी फोन ठेवून दहा मिनिटं नुसती बसून होते.”

म्हणजे फोनही केला होता. तो कुठल्याच यादीत नव्हता. माझ्या मनात हे आलं आणि ते मनात आल्याची मला किळस आली. मी पुस्तक खाली जमिनीवर ठेवलं. वाक्य तयार करायला गेलो असतो तर तेही हरिदासच्या वाक्यासारखं वर्षभर चाललं असतं, म्हणून तोंडात जे आलं ते म्हणालो.

“तुला जायचंय?”

 तिने मेथीची पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला केल्या. दिल्लीला आल्यापासून तिने इतका वेळ माझ्या प्रश्नावर विचार केलेला मला आठवत नाही. पण मी असा प्रश्न केलेलाही आठवत नाही.

“मागच्या आठवड्यात विचारलं असतंत ना, तर मी नाही म्हटलं असतं. खरं सांगते. नुसतं बघत होते. भाजीवालीशी मराठीत बोलावं, दारातून बाहेर पडलं की भाषा बदलावी लागू नये, हातात जरा माती यावी. लाज वाटत होती त्याचीच, या वयात काय हे खूळ, म्हणून तुमच्यापासून लपवलं. विचारलं असतंत तर मीच हसून सोडून दिलं असतं.”

“आणि आता?”

“आता हो.”

ती हे रागाने म्हणाली असती तर मला काही करता आलं असतं. ती बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली. ऊन तिच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. तिच्या हाताच्या पाठीवर एक नवीन तपकिरी डाग होता, की जुनाच होता आणि मी आज पाहिला, कोण जाणे. विचारावं असं वाटलं. मग त्याऐवजी दुसरं विचारलं.

“कधी?”

“थंडी ओसरली की. फेब्रुवारीत. तीन महिने राहून बघायला देतात ते.”

“मग परत येशील?”

“ते मला आज माहीत नाही,” ती म्हणाली. “कळलं की मी तुम्हाला सांगेन. मी स्वतः सांगेन. तोवर तुम्ही शोधू नका.”

“नाही शोधणार.”

“केतकीला मी सांगते. तुम्ही मध्ये पडू नका.”

“बरं.”

तिने मेथीची पानं पदरात घेतली, फोन उचलला आणि आत गेली. थोड्या वेळाने पाणी सोडल्याचा आवाज आला, मग भांडं ठेवल्याचा, मग तिचा बोलण्याचा, फोनवरचा, वरच्या पट्टीतला, बऱ्याच वर्षांत न ऐकलेला. केतकी असेल, किंवा त्या बाई असतील. मध्येच ती हसली. मधलं दार अर्धवट उघडं होतं, दोन पावलं पुढे सरकून बसलो असतो तर शब्द कळले असते. मी उठलो, दार हळूच ओढून घेतलं, कडी अडकेपर्यंत, आणि पुन्हा उन्हात येऊन बसलो.